उजवा पल्ला

दिवाकर, शोकसभेत मी मान हलवली. तू असतास तर दुकानाच्या ओट्यावर येऊन सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात माझी हजेरी घेतली असतीस. तू नाहीस, म्हणून ते काम आता माझं मलाच करावं लागतं आहे.

सभा तुझ्याच बागेत झाली. संध्याकाळी झाली, कारण दुपारी फाटकाला कुलूप असतं. खुर्च्या मांडल्या होत्या, टेबलावर तुझा फोटो होता आणि फोटोत तू चक्क इस्त्री केलेला शर्ट घातला होतास. वहिनींनी कुठून शोधून काढला कोण जाणे. तू ज्यांना आयुष्यभर तोंडावर मूर्ख म्हणालास, ते तुझ्याबद्दल सगळ्यात जास्त बोलले. मग आपल्या व्यापारी मंडळाच्या सेक्रेटरीने ठराव मांडला. दिवाकररावांची आठवण म्हणून बागेच्या फाटकाच्या उजव्या पल्ल्यावर त्यांचं नाव लोखंडी अक्षरांत टाकावं, डावा पल्ला भरलेला आहेच. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मंडळाचा अध्यक्ष मी, तुझा शाळेपासूनचा मित्र मी, आणि डाव्या पल्ल्यावर नाव माझ्या बाबांचं. मी मान हलवली.

त्या फाटकाचा तुला किती तिटकारा होता हे अर्ध्या सभेला ठाऊक होतं. एकानेही तोंड उघडलं नाही. आपल्याकडे माणूस भिडेपायी काय काय करतो. नको असलेली पोळी वाढून घेतो, नको असलेली सोयरीक पक्की करतो. मी भिडेपायी तुझं नाव तुझ्या वैऱ्याच्या छातीवर लावायला होकार दिला. घरी आलो तर हिने जेवायला वाढलं होतं. भूक नाही म्हणालो. तिला वाटलं दुःखामुळे. दुःख होतंच, पण ताटावरून उठवलं ते लाजेने.

आता बागेत येणाऱ्या पोरांना खरं वाटत नाही की इथे गाडीतळ होता. रोहण्याच्या, नाचणगावच्या, कुठकुठल्या कापसाच्या बैलगाड्या इथे येऊन सुटायच्या. धुऱ्या जमिनीला टेकलेल्या, बैल कडब्यात तोंड घालून उभे, आणि आपण दोघं कापसाच्या गाठोड्यांवर उड्या मारून शिव्या खायचो. घरी गेलो की केसांत कापूस. तुझे बाबा बाजारात मापारी, माझे अडत्या. दोघंही त्याच कडुनिंबाखाली बसायचे. माझ्या बाबांची बाज तिथे असायची आणि बाजेशेजारी पाण्याचा मोठा रांजण. अडतीला दार होतं, पण ते दुपारी लागलेलं मी कधी पाहिलं नाही. आई जेवायला हाक मारायची तर बाबा म्हणायचे, "गावचा मानूस बसून हाये, तो गेला का येतो." गावचा माणूस काही लवकर जायचा नाही. आई चिडायची, भाजी थंड व्हायची.

मग कापसाचं यार्ड गावाबाहेर गेलं आणि गाडीतळ बेवारस झाला. बाबाही त्याच सुमारास गेले. मी अडत बंद करून त्याच जागेत लोखंडाचं आणि रंगाचं दुकान टाकलं. समोरच्या मैदानात ऑटो, भाजीच्या बंड्या, एसटीडीचे दोन बूथ, उकिरडा, आणि रस्त्यापलीकडच्या स्टॉपवर एसटीची वाट पाहणारी गावोगावची माणसं. पावसाळ्यात चिखल तुडवायचा, उन्हाळ्यात धूळ खायची. तेवढ्यात तू नागपुरात आर्किटेक्ट म्हणून बरीच वर्षं काढून, तिथल्या सगळ्यांशी भांडून, वर्ध्याला परत आलास. लोकांच्या घरांचे नकाशे काढायला लागलास आणि प्रत्येकाच्या स्वयंपाकघराला इतक्या खिडक्या पाडायला लागलास की बाया कपाट कुठे ठेवायचं म्हणून रडायच्या.

मैदानात गाळे बांधायचे असं आम्हा व्यापाऱ्यांचं ठरत आलं होतं. खरं सांगायचं तर कोपऱ्यावरच्या गाळ्यावर माझाही डोळा होता. तू ओट्यावर बसून तर्री-पोहे खात होतास. तोंडात घास ठेवूनच म्हणालास, "बांध ना बे गाळे. पन तुया दुकानासमोर दुमजली भिंत आली का तुले गिऱ्हाईक कसं दिसन?" मी रात्रभर त्या भिंतीचाच विचार केला आणि सकाळी बागेच्या बाजूचा झालो. लोक अजून म्हणतात की पुरुभाऊंनी गावासाठी गाळ्यांचा मोह सोडला. तू हे ऐकलंस की खोकल्याचं सोंग करायचास.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते, हेही सांगून टाकतो, कारण हे तुला कधी सांगितलं नाही. तू दिवसच्या दिवस ओट्यावर बसून माणसं कुठून कुठे चालतात ते पाहायचास. मग एके सकाळी चुन्याच्या फक्कीचं टोपलं घेऊन मैदानात उतरलास आणि ज्या ज्या वाटेने लोक जायचे त्या वाटांवर पांढऱ्या रेघा ओढल्यास. आपल्या गावात रस्त्याला चुना पडला की मंत्री येतो. घटकाभरात गर्दी जमली. बंडीवाल्यांनी बंड्या मागे घेतल्या, एका हवालदाराने शर्टाचं वरचं बटण लावलं. कोणीतरी विचारलं, "कोन येऊन राह्यलं भाऊ?" तू टोपलं खाली ठेवून म्हणालास, "तुमीच." लोकांना वाटलं तुला ऊन लागलं.

पण बागेचा नकाशा त्या रेघांवरच उभा राहिला. लोक चालतात तिथेच पायवाट, उरलेल्या जागेत झाडं. जुने कडुनिंब तसेच ठेवायचे, नवी चिंच आणि करंज लावायचे. भाजीवाल्या बायांसाठी सावलीतली कड. आणि कुंपण नाही. चारही बाजूंनी मोकळं. नगरपालिकेत तो नकाशा भिंतीवर लागला तेव्हा मी तुझ्या पाठीवर थाप मारली आणि तू म्हणालास, "आता लोकं फक्त यायचे रायले."

तूही काही देवमाणूस नव्हतास. त्या सुंदर नकाशात तू ऑटोस्टँड साफ विसरला होतास. ऑटोवाल्यांनी तुला दुकानासमोर घेरलं तेव्हा तू त्यांनाच उलट विचारलंस की मैदानात तुमचं काम काय. मी मध्ये पडलो नसतो तर तुझा चष्मा त्या दिवशीच गेला असता. सगळ्यांना चहा पाजला, समजूत घातली. तू आत बसून रागारागाने नकाशा खोडलास आणि सगळे ऑटो माझ्या दुकानासमोरच्या करंजाखाली आणून बसवलेस. मी म्हणालो, गिऱ्हाइकाने स्कूटर कुठे लावायची? तू म्हणालास, "चालत येऊ दे, पोट कमी होईन त्याचं." असे आपण दोघं. बरं चाललं होतं.

आणि मग वर्गणीची वेळ आली.

मंडळाने बाग उभी करायला हातभार लावायचा ठरवलं. आपल्याकडे हातभार म्हणजे नाव. कोणी आईच्या नावाने बाक दिला, कोणी आजोबांच्या नावाने दिव्याचा खांब. प्रत्येक वस्तूवर एक कैलासवासी बसला. मी नेहमीप्रमाणे उशिरा पोचलो आणि बाक संपले होते. बाबांचं नाव तर लागलंच पाहिजे. ज्या मैदानात त्यांचा जन्म गेला तिथे किरकोळ माणसांची नावं लागावीत आणि त्यांचं नको? मी उठून म्हणालो, "फाटक माझ्याकडून." कोणाच्याच लक्षात आलं नाही की नकाशात फाटकच नाही. लक्षात तुझ्या आलं. तू मागच्या खुर्चीवरून म्हणालास, "काकाजीच्या नावानं रांजण ठेव ना बे. फाटक कायले पायजे?" लोक हसले. मला वाटलं, तू माझ्या बापाला रांजणावर उतरवतो आहेस. मी हट्टाला पेटलो.

फाटक मी असं करवून घेतलं की तसं जिल्ह्यात नसेल. दोन मोठे पल्ले, वर भाल्याची टोकं, डाव्या पल्ल्यावर बाबांचं नाव वेल्डिंग केलेल्या अक्षरांत. उजव्या पल्ल्यावर आपल्या किराणावाल्या शेठजींच्या आईचं नाव यायचं होतं, पण त्यांचं आणि माझं मध्येच वाजलं, म्हणून तो कोरा राहिला. फाटक आलं आणि मैदानाच्या तोंडाशी दोन खांबांवर उभं राहिलं. नुसतंच. डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही. मोकळ्या मैदानात एकटं फाटक.

सबंध पावसाळा ते तसं उभं होतं. म्हशी बाजूने जायच्या, बंड्या बाजूने जायच्या, ऑटो बाजूने जायचे. फाटकातून जाणारा गावात एकच माणूस होता, तू. रोज सकाळी दुकानात येताना तू मुद्दाम वळसा घालून तिथे जायचास, कडी काढायचास, आत यायचास, वळून कडी लावायचास आणि तिथूनच ओरडायचास, "पुरुभाऊ, फाटक लावलं बरं, नाईतं हवा आत येईन." आठवडाभरात कॉलेजची पोरं तेच करायला लागली. एक वरात येऊन तिथे थांबली, नवरदेवाने कडी काढली आणि बँडवाल्यांसकट सगळे रांगेने आत गेले. बाजार पोट धरून हसत होता. मीही गल्ल्यावर बसून हसल्यासारखं करत होतो.

आज तो पावसाळा आठवला की मला हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. बाबांच्या नावावर गाव हसतं आहे असं मला वाटायचं. खरं तर हसत होते ते माझ्यावर. दिवाळीनंतर मी मंडळात कुंपणाचा विषय काढला. कारणं भराभर सापडली. जनावरं घुसतात, दारुडे झोपतात, हिरवळ खराब होते. एकट्या फाटकापायी सगळ्या मैदानाला लोखंडी गज लागले. गज लागले म्हणून कुलूप आलं, कुलूप आलं म्हणून चौकीदार आला, चौकीदाराला जेवायला घरी जायचं असतं म्हणून दुपारची बाग बंद झाली.

तू दुकानात आलास. ओट्यावर बसला नाहीस, उभाच राहिलास. "पुऱ्या, दुपारी गावचा मानूस कुठं जाईन?" एवढंच विचारलंस. बाबांचं वाक्य होतं ते जवळजवळ. तुला ते आठवून बोलायचं होतं की सहज आलं, ते मी विचारलं नाही. मी म्हणालो, नियम सगळ्यांना सारखे. तू म्हणालास, "नियम कोनाचा बे? तुले सावली नाई पायजे, बोर्ड पायजे." आणि निघून गेलास. पायऱ्या उतरताना तुझी चप्पल निसटली, ती तू हातात घेऊन तसाच रस्ता ओलांडलास. मी हाक मारायला पाहिजे होती.

पोळ्यापर्यंत अबोला टिकला. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तू तुझ्या नातवाचा लाकडी बैल घेऊन दुकानासमोर उभा राहिलास, जणू मध्ये काहीच झालं नव्हतं. मी पोराच्या हातावर बोजाऱ्याचे पैसे ठेवले. तू म्हणालास, "मलेही दे. दुपारचं कुलूप काढ." मी म्हणालो, "पाहू."

व्यापाऱ्याच्या तोंडच्या 'पाहू'चा अर्थ तुला चांगला ठाऊक होता. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नसतं आणि माल द्यायचा नसतो, तेव्हा आम्ही तो शब्द वापरतो. तरी दर पोळ्याला तू यायचास. पोरगा मोठा झाला, त्याला बैल ओढायची लाज वाटायला लागली, तर तू एकटाच यायचास. "काय पाह्यलं मंग?" मी हसून चहा मागवायचो. चहा पिऊन तू जायचास. मला वाटायचं, हा आपल्या दोघांतला एक खेळ आहे. तू खरंच मागत होतास हे मी कळूनही कळू दिलं नाही.

तिकडे भाजीवाल्या बायांच्या कडेला कुंपणाचे दोन गज कोणीतरी वाकवले. कोणी, ते आजवर कळलं नाही. मी मंडळातर्फे वेल्डर पाठवून ते सरळ करवायचो, काही दिवसांनी ते पुन्हा वाकलेले असायचे. दुपारी चौकीदार गेला की त्या खिंडारातून रोहण्याची, नाचणगावची, आर्वीकडची माणसं आत शिरून झाडाखाली बसायची आणि एसटीचा हॉर्न वाजला की बाहेर पळायची. तूही तुझा डबा घेऊन तिथूनच आत जायचास. तू काटकुळा, तुला काय. माझ्या गल्ल्यावरून ते खिंडार सरळ दिसतं. एकदा आत शिरता शिरता तू वळून मला खूण केलीस, "ये ना बे. पोट आत घे." मी हात हलवला. अध्यक्षाने स्वतःच्याच कुंपणाच्या भोकातून जायचं म्हणजे काय. मी रोज तुला जाताना पाहायचो आणि रोज मान वहीत घालायचो.

दवाखान्यात शेवटचा भेटायला आलो तेव्हा मनाशी ठरवून आलो होतो. कुलपाचं बोलायचं, तू बरोबर होतास म्हणायचं. तू उशीला टेकून बसला होतास, आवाज खोल गेलेला. मी बसलो, हवापाण्याचं बोललो, तुझ्या सुनेने आणलेली मोसंबी सोलली आणि मीच खाल्ली. तू विचारलंस, "चिंचेले पालवी फुटली का रे?" तू बागेत लावलेली चिंच. मी म्हणालो, "फुटली ना. चांगली फुटली." तू माझ्याकडे जरा वेळ पाहिलंस, म्हणालास, "बरं झालं," आणि डोळे मिटलेस. मला वाटलं तुला बरं वाटलं. बाग माझ्या दुकानासमोर आहे, आणि चिंचेकडे मी कितीक दिवसांत पाहिलं नव्हतं. आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून बोललो असं त्या वेळी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाहून घेऊ म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला. तुझ्या तिरडीला खांदा दिला तेव्हाही माझ्या डोक्यात ती चिंच होती.

सभेनंतर मी वहिनींकडे गेलो. फाटकावरच्या नावाला त्यांची संमती घ्यायची, असं निमित्त होतं. खरं म्हणजे त्यांनी नाही म्हणावं अशी आशा होती. म्हणजे मला म्हणावं लागलं नसतं. असा मी. वहिनी तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मले काय इचारता भाऊजी. ते असते तं त्यायनं तुमाले शिव्या देल्ल्या असत्या. मी काई देत नाई." एक खडा वेचून बाजूला टाकला. मग त्या म्हणाल्या, "एखांद्या दुपारी जाऊन बसा ना तिथं. ते रोज जात. फाटकातून नोका जाऊ पन, फाटक बंद रायते." हे त्या टोमणा मारून बोलल्या नाहीत, नवख्याला पत्ता सांगावा तसं बोलल्या.

तुझी तेरवी झाल्यावर एका दुपारी मी दुकान पोराच्या हाती देऊन रस्ता ओलांडला. आधी फाटकाशीच गेलो, सवयीने. कुलूप. चौकीदार किल्ली घेऊन जेवायला गेलेला. ऊन असं की लोखंडाला हात लावून पाहिला आणि लगेच काढून घेतला. बाबांच्या नावाखाली मी उभा, आत जायला जागा नाही. ऑटोवाले करंजाखालून पाहत होते. मी कुंपणाच्या कडेकडेने खिंडाराकडे गेलो.

भाजीवाली कुंताबाई तिथे बसते. तिने मला पाहिलं, गजांकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि काय चाललं आहे ते तिच्या ध्यानात आलं. "शेठ, अंधी पाय टाका," ती म्हणाली, "मंग खांदा. पोट शेवटी." मी तसं केलं. मध्ये अडकलोच. पुढे होता येईना, मागे होता येईना, खिशाचा कपडा गजात गुंतला आणि टर्र आवाज झाला. कोणी हसलं नाही. बाया उठल्या, एकीने खिसा सोडवला, कुंताबाईने पाठीला हात देऊन मला आत ढकललं, बैलाला ढकलतात तसं. त्या हसल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

कडुनिंबाखाली एक रोहण्याचे म्हातारे पोत्यावर बसले होते. त्यांनी सरकून मला जागा दिली आणि विचारलं, "तुमी दिवाकरभाऊच्या जागी आले का?" मी म्हणालो, "नाही, नुसता बसायला आलो." म्हाताऱ्यांनी बुंध्याजवळची एक जागा दाखवली. "ते तिथं बसे. भाकरीचा तुकडा देत जाये सगळ्यायले." तिथे कोणी बसलेलं नव्हतं. झाडाखाली एवढी दाटी, आणि तेवढी जागा रिकामी ठेवलेली होती.

मी कुंताबाईला विचारलं, "चिंच कुठली गं? दिवाकरने लावलेली?" तिने हिरवळीच्या टोकाशी असलेल्या एका वाळक्या खुंटाकडे बोट केलं. "ते तं मांगच्या उन्हाळ्यातच वाळली शेठ. भाऊले माहीत होतं ना. त्यायनंच तं फांद्या काढून टाकल्या."

दिवाकर, तुला माहीत होतं. त्या पलंगावर बसून मला विचारलंस तेव्हा तुला माहीत होतं की चिंच नाही. मी तोंड भरून म्हणालो, चांगली फुटली. तू बरं झालं म्हणालास. एक शब्द पुढे बोलला असतास तर मी तिथेच तुझे पाय धरून सगळं बोलून टाकलं असतं. आयुष्यभर तू मला चारचौघांत धारेवर धरलंस आणि शेवटच्या दिवशी, पुरता सापडलो होतो तेव्हा, सोडून दिलंस. त्या पोत्यावर बसून मला भर दुपारी रडू आलं. म्हाताऱ्यांनी पाण्याची बाटली माझ्यापुढे केली. पाणी गरम होतं. तिथे जवळपास दुसरं पाणी नव्हतं.

डोळे पुसून समोर पाहिलं तर फाटक दिसलं. मी बागेत येतो तो फक्त कार्यक्रमांना, तेव्हा व्यासपीठावर फाटकाकडे पाठ करून बसलेला असतो. आतून मी ते कधी नीट पाहिलंच नव्हतं. आतून बाबांचं नाव उलटं दिसतं. अक्षरांची पाठ आपल्याकडे, कानामात्रा भलतीकडे, मध्ये कडी आणि कुलूप. जे लोक बाबांच्या बाजेवर बसले असते, त्यांना इतकी वर्षं मी बाबांचं नाव असं दाखवत होतो.

काल मी चौकीदाराकडून किल्ली घेतली. दुपारी, सगळ्यांसमक्ष, कुलूप काढलं आणि दोन्ही पल्ले आत ढकलले. अर्ध्यावर अडले. आतल्या बाजूला मेंदी वाढलेली होती, कारण पल्ले पूर्ण उघडायची वेळ कधी आलीच नव्हती. बागेचं उद्‌घाटनही एका पल्ल्यात उरकलं होतं. ऑटोवाल्यांपैकी दोघं आले, मेंदी छाटली, बिजागऱ्यांना तेल सोडलं. मग पल्ले पार मागे गेले आणि आतून कुंपणाला जाऊन टेकले. मी दुकानातून तार आणून ते गजांना बांधायला घेतले. डावा बांधून झाला आणि मागे सरकलो, तर बाबांचं नाव सरळ झालेलं. आता ते रस्त्यावरून वाचता येत नाही. आत सावलीला बसलं तरच वाचता येतं.

नवा रांजणही फाटकाशी ठेवला आहे. त्यावर नाव घातलेलं नाही. कुंताबाई म्हणाली, झाकणाला साखळी लावा, मी म्हणालो, राहू दे.

उजवा पल्ला बांधत होतो तेव्हा सेक्रेटरी धावत आला. त्याच्या हातात तुझ्या नावाच्या अक्षरांचा नमुना होता, पुठ्ठ्यावर काढलेला, रंगवलेला. बाग अशी उघडी टाकून कसं चालेल, मंडळात ठराव व्हायला पाहिजे, असं बरंच बोलला. फाटक लावल्याशिवाय नाव रस्त्यावरून दिसणार नाही हेही त्याच्या लक्षात आलं होतं. तुझ्यासारखं तोंडावर सरळ 'नाही' म्हणायचं, असं मी आदल्या रात्रीपासून घोकत होतो. शब्द जिभेवर आला होता. सेक्रेटरीचा चेहरा पाहिला, तो पुठ्ठा पाहिला, आणि पुन्हा तारेकडे वळलो. मला माझीच लाज वाटली, दिवाकर, त्या वेळीसुद्धा.

"पण पुरुभाऊ," तो म्हणाला, "सभेत ठरलं ना आपलं. दिवाकररावचं नाव मंग केव्हा टाकाचं?"

मी तारेला आणखी एक पीळ दिला आणि म्हणालो, "पाहू."